काठ नसलेला पट

काचबिंदूने दृष्टी गेली तेव्हा पंढरीनाथ केळुसकर सेहेचाळीस वर्षांचे होते. नकाशे काढायची नोकरी सुटली. पत्नी अंबिका टेलिफोन खात्यात होती. तिच्या पगारावर पूनम सागर वसाहतीतलं घर चालू राहिलं. हे १९९० सालचं.

बुद्धिबळाचा नाद जुना. आता ते मोहरे चाचपून खेळू लागले. पण हात लागून मोहरे पडत आणि समोरचे शेजारी म्हणत, "राहू दे केळुसकर, चाल परत घ्या." ही मेहेरबानी त्यांना झोंबायची. शेवटी त्यांनी पट माळ्यावर टाकायला लावला.

उत्तन या किनाऱ्यावरच्या गावचा फ्रेडी डिमेलो जहाजावरून निवृत्त होऊन समोरच्या इमारतीत लेकीकडे, कॅरेनकडे, राहत होता. बुद्धिबळ तो जहाजावरच शिकलेला. एका संध्याकाळी इमारतीखालच्या बाकावर पंढरीनाथ त्याला म्हणाले, "खेळूया. पट नाही, पटाला काठही नाही. चारी दिशांना घरं चालूच. सगळं डोक्यात धरायचं."

"काठ न्हाय, तर राजाला कोंडायचा कुठं?"

"तेच कोडं. दोन हत्ती घे आणि मात करून दाखव."

नेहमीच्या पटावर दोन हत्ती राजाला रेटत काठाशी नेतात. इथेही जमेल, अशी पंढरीनाथांची खात्री होती.

रविवारी फ्रेडी बाकावर आला. "पंढरीभाऊ, तुझं कोडं चुकलंय. राजाला तीन ओळी हायेत. वरची, खालची आणि तो उभा हाय ती. हत्ती दोनच. एक ओळ उघडीच राहते."

पंढरीनाथांनी तिन्ही ओळी बोटाने मांडीवर आखून पाहिल्या. मग म्हणाले, "बरोबर आहे."

घरी गेल्यावर त्यांनी अंबिकाला सांगितलं, "आज सपाटून हरलो."

"मग हसताय काय?"

"फ्रेडीने मला सांभाळून नाही घेतलं."

तिसरा हत्ती घेतला तर कोडं फारच सोपं होई. म्हणून फ्रेडीने खेकडा नावाचा नवा मोहरा आणला. आडवा कितीही सरकणार, वर-खाली मात्र एकच घर. दोन हत्तींनी वरची आणि खालची ओळ अडवायची, मधल्या ओळीत लांबून खेकड्याने शह द्यायचा. पुढे पंढरीनाथांनी दुसऱ्या मोहऱ्यावरून उडी मारूनच चालणारा टोळ काढला.

एकदा भाईंदर पूर्वेच्या बुद्धिबळ मंडळात दोघांनी खेकड्याचं कोडं मांडलं. "पट कुठेय?" म्हणत बरेचजण उठून गेले. दोघंतिघं थांबले आणि उत्तरावरून भांडभांड भांडले. पंढरीनाथांना तेवढे पुरले.

१९९७ मध्ये फ्रेडी उत्तनला परतला. तेव्हापासून चाली फोनवर चालतात. नंबर अंबिका फिरवून देते. तब्येतीची चौकशी दोघांपैकी कोणीच फारशी करत नाही.