‘येतं की’ म्हणणाऱ्यांचा वॉर्ड

शकीलामावशींचा ‘हो’ या शब्दावर काडीचा विश्वास नव्हता. घरी सून ‘हो’ म्हणाली तर चालेल, रिक्षावाला म्हणाला तरी एक वेळ चालेल. पण नाशिकच्या त्या धर्मादाय रुग्णालयात, दुसऱ्या मजल्यावरच्या हाडांच्या वॉर्डात, खाटेवरच्या माणसाला कुणी ‘उभं राहता येतं का?’ असं विचारलं आणि तो ‘येतं की!’ म्हणाला, की मावशी हिरव्या साडीचा पदर खोचून सावध व्हायच्या.

आणि म्हणायचे सगळेच. घोटीचा भातगिरणीवाला म्हणायचा, सुरगाण्याहून जीपने आलेला म्हातारा म्हणायचा, कॉलेज रोडच्या बंगल्यातल्या आजी तर इंग्रजीत म्हणायच्या. ‘नाही’ म्हटलं तर घरी सोडायला उशीर होईल, अशी प्रत्येकाची खात्री. त्यात खाटेभोवती पाहुण्यांचा गराडा. गावाकडून अख्खी जीप भरून माणसं भेटायला आलेली असताना ‘मला उभं राहता येत नाही’ असं कबूल कोण करणार? बाबांनी ‘येतं की’ म्हणायचा अवकाश, दोन भाचे दोन बाजूंनी बगलेत हात घालून त्यांना वर ओढायला तयारच असायचे. ‘सोडा! खांदा निखळेल त्यांचा!’ असं मावशी ओरडल्या की भाचे दचकून हात सोडायचे आणि बाबा धपकन परत गादीवर बसायचे.

म्हणून मावशी विचारायच्याच नाहीत. त्या कामं सांगायच्या. आधी पेशंटला खाटेच्या कडेला पाय सोडून बसवायचं आणि मिनिटभर गप्पा मारायच्या. गप्पा पाऊसपाण्याच्या, नजर मात्र चेहऱ्यावर: घाम फुटतोय का, डोळे फिरतायत का. मग आपला हात असा आडवा पुढे करायचा, की तो धरायला माणसाला एका बाजूकडून दुसरीकडे वळावं लागेल. तोल जाणारा तिथेच कळायचा. मग पाय गुडघ्यातून सरळ करून पंजा वर-खाली. मग गादीवरून उठून पाच आकडे मोजेपर्यंत उभं राहायचं, आणि शेवटी जागच्या जागी कवायत, शाळेतल्यासारखी. माणूस जिथे अडकेल तिथे मावशी थांबायच्या आणि त्यावरून मदत ठरवायच्या. कुणाला दोन माणसं, कुणाला कमरेचा पट्टा आणि वॉकर, तर कुणाला नुसती सोबत. कुणी उठताना त्यांच्या गळ्यात हात टाकायला गेलंच, तर म्हणायच्या, “गळ्यात पडायचा हक्क फक्त माझ्या नातीला, अदिबाला. तुम्ही पट्ट्यावर भरवसा ठेवा.”

ही अक्कल त्यांना कुणी शिकवली नव्हती. वीस वर्षांपूर्वी, नवीन असताना, कोंडाजी गुरुजी नावाचे निवृत्त मास्तर त्यांना ‘येतं की’ म्हणाले होते. मास्तरच म्हणतायत म्हटल्यावर मावशींनी त्यांना उठवलं, आणि दुसऱ्याच पावलाला दोघं जमिनीवर. गुरुजींचं मनगट मोडलं. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा गुरुजी म्हणाले, “बाईंचा दोष नाही, माझाच पाय घसरला.” ते खोटं बोलले हे मावशींना ठाऊक होतं. त्यांच्यासाठी कुणी इतकं चांगलं खोटं त्याआधी बोललं नव्हतं, आणि त्याची लाज त्यांना अजून वाटायची.

या वर्षी वॉर्डाला भाग्यश्री सिस्टर इन्चार्ज म्हणून आल्या. वय तिशीचं, चाल भरभर. पुण्याहून कसलंसं प्रशिक्षण घेऊन आलेल्या. त्यांनी प्रत्येक खाटेला एक तक्ता लावला. पेशंटला हलवण्याआधी करायच्या चार पायऱ्या: बसून हात देणे, पाय ताणणे, उभे राहणे, पावले टाकणे. मावशींनी तो तक्ता दोनदा वाचला.

“सिस्टर, हे तर माझंच आहे,” त्या म्हणाल्या.

“मग बरंच झालं, मावशी. बाकीच्यांना तुम्हीच शिकवा.”

मावशी दोन दिवस अशा तोऱ्यात वावरल्या, की वॉर्डबॉय मनोजमामा त्यांना ‘मॅडम’ म्हणू लागले. तिसऱ्या दिवशी सिस्टरांनी आणखी एक कागद वाटला. हा पेशंटसाठी नव्हता, कामगारांसाठी होता. कमरेचा किंवा गुडघ्याचा त्रास आहे का, वजन उचलता येतं का, असे प्रश्न. मनोजमामांनी कुजबुजत खबर दिली, की जे ‘त्रास आहे’ लिहितील त्यांची रवानगी तळमजल्यावर, चादरींच्या खोलीत.

मावशींची कंबर मागच्या हिवाळ्यापासून धरली होती. सकाळी अंथरुणातून उठताना कुशीवर वळून, हाताचा रेटा देऊन उठावं लागायचं. सिटी बसमधून त्या तिरप्या होऊन उतरायच्या. पण चादरींची खोली? तिथे दिवसभर घड्या मोजायच्या. चादर बोलत नाही, भांडत नाही, बरी होऊन घरीही जात नाही. वॉर्डात वीस माणसं ‘मावशी, मावशी’ करायची, ते सुटलं तर आपलं उरलं काय, असं त्यांना मनापासून वाटलं. त्यांनी कागदावर ठसठशीत अक्षरात लिहिलं: त्रास नाही. उचलता येतं.

त्याच आठवड्यात सात नंबरच्या खाटेवर सावळीरामबाबा आले. अडुसष्ट वर्षांचे, विंचूरच्या कांदा मार्केटात हमालांच्या टोळीचे मुकादम. कांद्याच्या ट्रॉलीवरून पडून खुबा मोडला होता. डॉक्टरांनी बॉल बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून उभं करा म्हणून सांगितलं. सोबत त्यांच्या पत्नी कुसाबाई, आणि कुसाबाईंची एक भलीमोठी कापडी पिशवी. त्यात डबा, तांब्या, आणि सिस्टरांना द्यायला आणलेले घरचे पाच किलो कांदे.

सावळीरामबाबांनी आल्या आल्या सगळ्यांना कामाला लावलं. मनोजमामा पलीकडच्या पेशंटला सरकवत होते तर इकडून हुकूम: “वझं अंगाजवळ घ्या! लांबून वढाल तर मणका जाईल!” मनोजमामा वैतागले, पण मावशींना हा माणूस आवडला. तो बरोबर बोलत होता.

“बाबा, उभं राहायचं का आज?” मावशींनी गंमत म्हणून विचारलं.

“राहता येतं की! त्यात काय?”

मावशी खो खो हसल्या. मग त्यांनी चार कामं सांगायला घेतली. हात घट्ट धरला, पाय ताणला, उभं राहताना मात्र तिसऱ्या आकड्याला मांड्या थरथरू लागल्या. मावशींनी तक्त्यावर लिहिलं: दोन माणसं, पट्टा. बाबांना ते फारसं रुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी साडेअकराला बाबांनी हाक मारली. “बाई, मला तिकडं जायचंय.”

“बेडपॅन देते.”

“त्या थाळीत? नाय. मी काय लेकरू हाय? लवकर करा.”

मनोजमामा कुणालातरी एक्स-रेला घेऊन गेलेले. सिस्टर डॉक्टरांबरोबर राउंडला, दुसऱ्या टोकाला. तक्त्यावर मावशींच्याच अक्षरात ‘दोन माणसं’ लिहिलेलं. मावशींनी तिकडे पाहिलं नाही. संडास दहा पावलांवर होता, म्हातारा घाईला आला होता, आणि ‘मला एकटीला जमत नाही’ म्हणायचं म्हणजे चादरींच्या खोलीची किल्ली आपल्याच हाताने मागून घ्यायची. त्यांनी बाबांना कडेला बसवलं, पट्टा बांधला, दोन्ही हातांनी धरला.

“थांबा,” बाबा म्हणाले. “आधी ती खाटेखालची पिशवी वर द्या.”

“आत्ता कशाला पिशवी?”

“द्या म्हंतो ना.”

मावशींनी एक हात खाटेच्या दांडीवर ठेवला, पाठ ताठ ठेवून गुडघ्यांवर खाली गेल्या, पिशवी पायाला घासत वर आणली. वर येताना खालचा ओठ दाताखाली गेला. सगळं मिळून तीन-चार सेकंद.

बाबा त्यांच्याकडे बघत होते. “किती दिवस झालं?”

“कशाला?”

“कंबर धरल्याला.”

“कुठे काय? उचलता येतं की!”

शब्द तोंडातून गेला आणि मावशींना तो स्वतःलाच ऐकू आला. अगदी घोटीच्या गिरणीवाल्यासारखा. कुसाबाई पदराआड हसल्या. बाबा हसले नाहीत.

“चाळीस वरीस रोज सकाळी टोळीतला एकेक गडी बघितलाय मी,” ते म्हणाले. “दुखणारा गडी कधी सांगत नाय. वाकताना तो कशाला तरी धरतो, तेवढंच बघायचं. धरणाऱ्याला मी गोणीखाली जाऊ दिलं नाय कधी. मग आज मी सोताच कसा पडू तुमच्या अंगावर?”

मावशींनी पिशवी गादीवर ठेवली आणि पुन्हा पट्टा धरला. त्यांना राग आला, आणि रागापेक्षा जास्त भीती वाटली. आत्ता हा माणूस उठला असता आणि आपली कंबर लचकली असती तर? नवीन बॉल, नवीन टाके. या वेळी खोटं बोलायला गुरुजी नव्हते.

“आन् माझं म्हणाल,” बाबा आवाज खाली आणून म्हणाले, “तर मला दिवाळीपासनं गरगरत व्हतं. पोरं म्हणायची, बाबा, ट्रॉलीवर चढू नका. मी म्हणायचो, चढता येतं की. समद्यांना बघितलं, सोताला बघितलं नाय.”

“मला बी नाय सांगितलं,” कुसाबाई म्हणाल्या. आता त्याही हसत नव्हत्या.

मग बाबांनी हात झटकला. “आणा ती तुमची थाळी. मी माझी लाज सोडली. तुमची तुम्ही बघा.”

बेडपॅनचं काम कुसाबाईंच्या मदतीने, पडदा ओढून, बाबांच्या अखंड कुरकुरीत पार पडलं. राउंड संपेपर्यंत मावशी सिस्टरांच्या टेबलाजवळ जाऊन थांबल्या.

“सिस्टर, परवाचा माझा कागद परत द्या. मी त्यावर खोटं लिहिलंय.”

भाग्यश्री सिस्टरांनी पेन खाली ठेवलं. मावशींच्या तोंडाकडे पाहिलं आणि सरळच विचारलं, “मावशी, वजन उचलता येतं का?”

“नाही येत.”

इतके साधे दोन शब्द, पण बोलल्यावर मावशींना रडू कोसळलं. वॉर्ड जाणार म्हणून रडू आलं, आणि वर्षभर लपवायचं ओझं उतरलं म्हणूनही आलं. सिस्टरांनी त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि त्याच दुपारी हाडांच्या डॉक्टरांसमोर उभं केलं. तीन महिने काहीही उचलायचं नाही, रोज व्यायाम.

आणि मनोजमामांची खबर खरी निघाली. मावशी चादरींच्या खोलीत गेल्या. तीन दिवस त्यांनी घड्या मोजल्या, तोंड पाडून डबा खाल्ला. चौथ्या दिवशी सकाळी आठला फोन वाजला.

“मावशी, वर या,” सिस्टर म्हणाल्या. “बारा नंबरच्या आजी ‘येतं की’ म्हणाल्या आणि मनोजमामांनी विश्वास ठेवला. पडता पडता वाचल्या. आजपासून रोज सकाळी तासभर तुम्ही फक्त बघायचं. मी ऑफिसला विचारलंय. नजर तुमची, कंबर मामांची. मग खाली चादरींकडे.”

मावशी लिफ्टने वर गेल्या. जिना टाळायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, नाहीतर त्या पळत गेल्या असत्या. तासभरच का होईना, वीस माणसं पुन्हा ‘मावशी’ म्हणणार होती.

सावळीरामबाबांना घरी सोडलं त्या सकाळी मावशी वॉर्डातच होत्या. बाबा वॉकर घेऊन दारापर्यंत चालत आले, मागे मनोजमामा. दारात ते थांबले, वॉकरवरचा डावा हात तसाच ठेवून उजवा हात आडवा पुढे केला. मावशींनी वळून तो धरला.

“पकड चांगली हाय,” बाबा म्हणाले. “आता पिशवी उचलून दाखवा.”

“नाही येत, बाबा,” मावशी म्हणाल्या, वॉर्डभर ऐकू जाईल अशा आवाजात. “कुसाबाई, पिशवी तुम्ही घ्या.”