सोडून दिलेली पहिली निवड

इंदूरहून येणाऱ्या पहिल्या बसच्या कंडक्टरनं पायरीवरूनच सांगितलं, "मास्तर, गजूभिया गेले. दवाखान्यात, पहाटे." मला त्याचा रागच आला. अशी बातमी माणसानं खाली उतरून सांगावी. आज सव्वा महिना झाला, राग काही गेलेला नाही.

संस्थानं विलीन झाली तरी देवासच्या दोन गाद्यांचा, थोरल्या पातीचा आणि धाकट्या पातीचा, बास्केटबॉलचा संघ वेगळाच राहिला. शाळा संपवलेली नवी पोरं दोन्ही कप्तान दसऱ्याला आळीपाळीनं निवडून घेत. वर्षभर हरलेल्याची निवड पहिली. गजूभिया थोरल्या पातीचे कप्तान. एका वर्षी त्यांनी पुढच्या दसऱ्याची आपली पहिली निवड धाकट्या पातीला देऊन टाकली आणि बदल्यात त्यांचा एक खेळाडू घेतला. तो खेळाडू मी. महिन्याभरात माझा गुडघा गेला. पुढच्या दसऱ्याला त्याच निवडीवर धाकट्या पातीनं चंदरला उचललं, जो पुढे मध्यभारताकडून खेळला. आम्ही लागोपाठ चार वर्षं हरलो. "हिरा दिला अन् गोटा घेतला," असं लोक माझ्या तोंडावर म्हणायचे.

दर दसऱ्याला सोनं द्यायला गेलो की मी विचारायचो, "भिया, चूक झाली ना?" ते अंगणातल्या चिंचेला ठोकलेल्या लोखंडी कड्याकडे बोट करत. "चेंडू घे. दहा पडल्याशिवाय चहा नाही." बस्स! उडी न मारता, जागेवरून टाकायला मी त्या अंगणात शिकलो, आणि पुन्हा मैदानात उतरलो...

तेराव्याला धाकट्या पातीचे तेव्हाचे कप्तान सदूभाऊ आले होते. म्हणाले, "मास्तर, तुला ठाऊक नसेल. तुझा गुडघा गेला, तेव्हा माझ्या मनाला लागलं. चंदरचा खेळ तोवर सगळ्यांनी बघितला होता. मीच गजूकडे गेलो. म्हटलं, भिया, सौदा रद्द करू, मास्तरला परत दे, तुझी निवड तू ठेव. तर म्हणतो, 'लंगडा झाला म्हणून परत पाठवू क्या? आदमी है, बाजारातला बैल थोडीच आहे!'"

म्हणजे भियांना पुढचं दिसलं नव्हतं असं नाही. चांगलं दिसत होतं. पश्चातबुद्धीचा तराजू घेऊन इतकी वर्षं बसलो होतो तो मीच. मला तिथेच रडू फुटलं, आणि भियांचा रागही आला. एकदा सांगायचं तरी!

परवा सकाळी त्यांच्या अंगणात गेलो. कडं गंजलंय. वहिनींनी काही न विचारता चेंडू आणून दिला. सात पडले आणि गुडघा बोंबलायला लागला. "मास्तर, पुरे आता, चहा झालाय," वहिनी म्हणाल्या.

"अजून तीन, वहिनी."