मुद्दाम बिघडवलेली चाचणी

डॉक्टरांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. "या आकड्यांप्रमाणे मार लागायच्या आधीपेक्षा तुमचा मेंदू आज जास्त चांगला चालतोय. आणि तुम्ही तर भिंत धरून आत आलात. खोटं कोण बोलतंय, मशीन की तुम्ही?"

खोटं मी बोलले होते. दोन महिन्यांपूर्वी, पूर्ण शुद्धीत.

निदान होतं कन्कशन. डोक्यावर आघात झाला की कवटीच्या आत मेंदू हादरतो. हाड मोडत नाही, रक्त दिसत नाही, सीटी स्कॅनसुद्धा बहुतेक वेळा स्वच्छ येतो. माझाही आला.

मी कतारमध्ये, दोह्यातल्या हौशी महिला फुटबॉल लीगमध्ये डिफेन्सला खेळते. राहते तिथल्याच बिन महमूद भागात, दादा-वहिनींकडे. नोकरी बांधकाम साहित्याच्या लॅबमध्ये: काँक्रीटचे ठोकळे दाबून बघायचे, किती भाराला फुटतात. खोटं रीडिंग लिहिणाऱ्यांविरुद्ध मी तिथे दोनदा लेखी तक्रार केली आहे. हे मुद्दाम सांगते, म्हणजे पुढचं वाचताना माझी कीव येणार नाही.

आमच्या कोच डॅना अमेरिकेच्या. बारा मोसम त्या व्यावसायिक फुटबॉल खेळल्या, सेंटर बॅक म्हणून. उंच बॉल आला की गोलसमोर डोकं घालायचं, हा त्यांचा पेशा. डोकं दुखतंय म्हणून त्यांनी एकही सामना सोडला नाही. हे त्या अभिमानाने सांगायच्या आणि आम्ही आ वासून ऐकायचो.

मोसमाच्या सुरुवातीला बेसलाइन टेस्ट होते. म्हणजे धडधाकट असताना स्मरण किती, लक्ष किती, हे लॅपटॉपवर मोजून ठेवतात. मार लागला की तीच टेस्ट पुन्हा घेतात आणि फरक बघतात. आम्ही बसण्याआधी डॅना हसत म्हणाल्या, "यल्ला, चला मुलींनो, आज कुणी पहिला नंबर काढायचा नाही. आज मठ्ठ व्हा, म्हणजे मोसमभर खेळाल."

सगळ्यांना कळलं. पहिलाच आकडा पाडला की पुढे फरक दिसणार कुठून? स्क्रीनवर एकामागून एक दहा शब्द येत होते. नंतर मोठ्या यादीतून तेच ओळखायचे होते. मी शब्दांकडे पाहिलंच नाही. खिडकीबाहेर पाण्याचा टँकर उभा होता, तो बघत बसले. मग अंदाजाने चार ठोकून दिले. वर हसलेही.

अल खोरला उपांत्य सामन्यात कॉर्नरवर मी उडी मारली आणि समोरचीचं डोकं माझ्या कपाळाच्या बाजूला बसलं. क्षणभर कुठल्या बाजूला आपला गोल ते सुचेना. तरी मी शेवटपर्यंत खेळले. परतताना बसमध्ये दोनदा उलटी झाली. सगळ्या म्हणाल्या, ऊन लागलं.

शनिवारी कुकरची शिट्टी झाली आणि मी कान दाबून खाली बसले. वहिनी गॅस बंद करून आली. "शलाके, वरणाच्या शिट्टीला घाबरतेस आणि म्हणे मला काही झालं नाही! तुझ्या त्या कोचबाईला चांगलं सुनावलं असतं. माझं इंग्रजी आड येतं म्हणून वाचतेय ती."

रविवारी टीमच्या फिजिओने टेस्ट घेतली. मी पास. सोमवारी सरावाला गेले. साधा पास छातीवर घेतला, मान जराशी हिसकली आणि मी गवतावर आडवी झाले. पहिला हादरा भरून यायच्या आत दुसरा बसला, तर जिवावर बेतू शकतं. हे मला डॉक्टरांनी नंतर सांगितलं. पास झालेल्या मुलीला कोण सांगणार होतं?

सरावावरून मला हॉस्पिटलात नेलं, तिथे पुन्हा तीच टेस्ट झाली. मागोमाग डॅना आल्या. गाडी कुठे लावली ते आठवेना म्हणून उशीर झाला, म्हणाल्या. वेटिंग रूममध्येही काळा चष्मा. तो आम्हाला स्टाइल वाटायचा. आमच्यातल्या दोघींनी तसलाच विकत घेतला होता. ट्यूबलाइटखाली माझे डोळे चरचरत होते, आणि मला एकदम उमगलं की तो चष्मा कशासाठी आहे.

गाडीची गोष्ट आणि तो चष्मा डॉक्टरांच्याही लक्षात आला होता. त्यांनी डॅनांना विचारलं, "तुम्ही व्यावसायिक होतात. तुमचे जुने बेसलाइन रिपोर्ट असतील ना?"

"आहेत. ती टेस्ट आली तेव्हापासूनचे सगळे." डॅनांनी चष्मा काढला. "त्यातला एकही खरा नाही."

"मग आता तुमचं किती गेलंय, ते मी कशाशी ताडून बघू?"

डॅनांनी चष्मा पुन्हा चढवला. मला त्यांची दया यायला हवी होती. आली ती किळस. त्यांची, त्यांना टाळ्या वाजवत खेळवणाऱ्या क्लबांची, आणि सगळ्यात जास्त माझी. मला कुणी धमकावलं नव्हतं. चार मुलींच्या हसण्यात सामील व्हायला मी माझी अक्कल दिली होती.

उपचार म्हणजे काय, तर आधी दोन दिवस पडदे ओढून विश्रांती, मग हळूहळू चालणं. मोबाइल बंद, वाचन बंद. मी छापील कागदावर वाढलेली मुलगी. माझ्या डोळ्यांसमोर ओळी पाण्यासारख्या हलायच्या. पुन्हा वाचता येईल का, एवढी एकच भीती होती. वहिनी रोज एक परिच्छेद वाचून दाखवायची, पुढे मी दोन ओळी, मग चार. सहाव्या आठवड्यात अख्खं पान वाचलं. वहिनी म्हणाली, "आता चहा कर, बरी झालीस." तिचे उपकार कसे फेडू?

नंतर डॉक्टरांनी नवी बेसलाइन घ्यायला लावली. दहा शब्द आले. जीव ओतून पाहिले. सात ओळखले.

"सात चांगले आहेत," डॉक्टर म्हणाले.

"पण आधी किती ओळखले असते?"

"ते फक्त त्या दिवशी कळू शकलं असतं."

खेळणाऱ्या मुलींनो, तुमची कोच कितीही मोठी असो, त्या टेस्टला प्रामाणिक बसा. डॅनांनी आता टीमसमोर उभं राहून हेच सांगितलं आणि स्वतःही पहिल्यांदा खरी टेस्ट दिली. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे. माफ केलेलं नाही.

उरलेले तीन शब्द त्या धडकेत गेले, की ते माझ्यापाशी कधी नव्हतेच? सगळ्या शहराचं काँक्रीट मी मोजते. हे मात्र मला कधीच कळणार नाही.