घरच्या हाताची मजुरी

कळसाडीचा चुडामण पाटील माणूस मोठा गमतीचा. घरची काळी कसदार जमीन, दोन बैलजोड्या, गोठ्यात म्हशी, कशाची म्हणून ददात नाही. पण एक वेड होतं, लाकूड कोरायचं. गावचे लोक दुपारी पारावर पत्ते कुटायचे आणि हा गडी ओट्यावर बसून शिसवाच्या ठोकळ्यात मान घालायचा. कापडावर छापायचे ठसे कोरायचा. राघू, आंब्याचं पान, फुटलेलं कपाशीचं बोंड. कोणी मागितला की देऊन मोकळा. गावातल्या बाया त्या ठशांनी पोरांच्या कुंच्यांवर नक्षी उमटवायच्या.

"मगनना बाप, शेतमा तन वाढी ऱ्हायनं, अन् तुम्ही पोपट कोरी ऱ्हायनात!" त्याची बायको धनुबाई करवादायची. तो हसायचा नि पुढचं पान कोरायला घ्यायचा.

ही विद्या त्याला दिली ती शहाद्याच्या दाऊदचाचांनी. चाचांचा धंदाच ठसे कोरण्याचा, बापजाद्यांपासूनचा. चुडामण ऐन विशीत एकदा बैलांना नाल ठोकायला शहाद्याच्या बाजारात गेला. शेजारच्या दुकानात चाचा कोरत बसलेले. हा बघत उभा राहिला तो राहिलाच. बैलांचे नाल ठोकून झाले तरी बाबा हलायला तयार नाही! चाचांनी नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. टोक मोडलेली छिन्नी आणि वाया गेलेला ठोकळा पुढे सरकवला. "बठ. कोर," म्हणाले. झालं. त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं दर बाजाराच्या दिवशी चुडामण तिथे बसायचा. चाचांनी एक पै घेतली नाही. उलट हलीमाचाचीच त्याच्या हातावर गूळ-शेंगदाणे ठेवायची. त्यानेही उस्तादाला कधी धंद्याचं विचारलं नाही. माल कोणाला जातो, काय भावाने जातो, असलं विचारणं त्याला उद्धटपणाचं वाटे. तो फक्त त्यांच्या हाताकडे बघायचा.

चौतीस-पस्तीस सालची गोष्ट. खांडबाऱ्याचा कापडवाला छगन शेठ सरकीचा सौदा करायला कळसाडीला आला. रंगाऱ्यांकडून डोंगरातल्या बायांच्या अंगावर घ्यायच्या फडक्या छापून घ्यायचा नि विकायचा, हा त्याचा मोठा धंदा. ओट्यावर मांडलेले ठसे बघितले मात्र, शेठ सरकी विसरला.

"पाटील, कितलाले एक?"

आता आली का पंचाईत! चुडामणने जन्मात ठसा विकला नव्हता. त्याने कास्तकार जसा हिशेब करतो तसा केला. शिसव बांधावरचं, पण लाकूड म्हणून दोन आणे धरू. तेल, कानस मिळून एक आणा. मजुरी? मजुरी कसली? शेतात बाहेरचा माणूस लावला तर त्याची मजुरी धरायची. घरचा माणूस दिवसभर राबला तरी त्याचे कोणी पैसे धरतं का? बापाने धरले नाहीत, आजाने धरले नाहीत.

"तीन आना," तो संकोचून म्हणाला. तेही जास्त झाले की काय, असं त्याला वाटून गेलं.

शेठने लगेच पिशवी पुढे केली. होते तेवढे चौदा ठसे उचलले, रोख पैसे मोजले आणि दिवाळीनंतर आणखी चाळीस लागतील म्हणून सांगितलं. "करू, पाहू," चुडामण म्हणाला. पण त्या दिवशी स्वारी अशी काही फुशारली की विचारू नका. आपलं काम विकलं जातं! हे चाचांना कधी सांगतो असं त्याला झालं. पण नवे ठसे कोरायच्या नादात दोन महिने शहाद्याला जाणं झालंच नाही.

शेवटी भुईमुगाच्या ओल्या शेंगांची पिशवी घेऊन तो गेला. बघतो तर दुकान अर्धं रिकामं. हलीमाचाची पटाश्या, छिन्न्या गोणपाटात बांधत होती.

"काय वं चाची, हाई काय?"

"तुन्हा चाचा सुरतले जाई ऱ्हायना. गिरनीमा गठड्या उचलाले." चाची गाठ आवळत म्हणाली. "साठ वरीसना मानूस! खांडबाराना छगन शेठ आमना मोठा गिऱ्हाईक. आते तो ठसा लेत नही. आमना भाव सव्वा रुपया, अन् कोन तरी मेला तीन आनामा देस म्हने."

चुडामणच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने शेंगांची पिशवी खाली ठेवली. ज्या माणसाने हातात छिन्नी दिली, त्याच्याच पोटावर त्याने पाय आणला होता, आणि वर ते सांगायला शेंगा घेऊन आला होता.

"चाची," तो कसाबसा म्हणाला, "तो मेला मीच शे."

चाचीच्या हातातली सुतळी तशीच राहिली. आतून दाऊदचाचा आले. त्यांच्या हातात कपाशीच्या बोंडाचा ठसा होता, चुडामणचाच.

"माले माहीत शे," ते म्हणाले. "शेठ हाऊ नमुना लई उना व्हता. देखताच वळखा. तुन्हा हात मी नही वळखू तर कोन वळखी? आन सांगस तुले, बोंड भलतं चांगलं उतरनं."

"मंग माले बोलनात काबर नही, चाचा?"

"त्यामा तुन्हा जीव शे. तुन्हं मन कसं मोडू?"

चुडामणला रडू आवरेना. बाप्यासारखा बाप्या, भर बाजारात रडला. "आजपाईन छिन्नीले हात लावस नही," म्हणाला. तेव्हा मात्र चाचा भडकले.

"खबरदार! इतला सालं शिकाडं ते काय बंद कराले? कोर. रोज कोर. पन भाव कर!"

त्यांनी त्याला समोर बसवलं नि बोटांवर मोजून दाखवलं. एका ठशाला दिवस किती? चार. साध्या मजुराची रोजी किती? चार आणे. झाला रुपया. लाकडाचे दोन आणे. पटाशीची धार जाते, पाचात एक ठोकळा तडकतो, त्याचे दोन आणे. सव्वा रुपया. "आन कारागिरी तर अजून धरीच नही," चाचा म्हणाले. "ती अल्लानी दिधी. तिना भाव आपन कसा करवा? पन दिवस तुन्हा शे. तो फुकट टाकू नको. तू फुकट टाकस तं मन्हा भी फुकट जास."

चुडामणने आयुष्यभर शेतीचे हिशेब केले होते, पण हा साधा हिशेब त्याला कोणी शिकवला नव्हता. ज्याचं नुकसान केलं तोच शिकवत होता, तेही एका शब्दाने दोष न देता. या माणसाचे उपकार कुठे फेडू, असं त्याला झालं. "चाचा, आठ दिन थांबा. तवलोंग जाऊ नका," एवढं वचन घेऊन तो उठला.

दुसऱ्या दिवशी गाडी जुंपून नंदुरबार, तिथून आगगाडीने खांडबारा. छगन शेठच्या पेढीवर उभं राहून सांगितलं, "शेठ, मन्हा ठसाना भाव आते सव्वा रुपया."

शेठ उसळलाच. "येड लागनं का? इतला पैसा दाऊदलेच नही देवाव मी?"

"द्या ना! त्यासना हात मन्हापेक्षा चांगला शे."

शेठने आदळआपट केली, घासाघीस केली, रुपयावर आला. पाटील ढिम्म. दिवाळीनंतर फडक्या छापायच्याच होत्या, ठशांवाचून रंगारी बसून राहिले असते. सहाव्या दिवशी शेठ मुकाट्याने शहाद्याला गेला आणि चाळीसच्या चाळीस ठसे दाऊदचाचांना सांगून आला. गोणपाट सुटलं. सुरत राहिली.

त्या सालात चुडामणचा एकही ठसा विकला गेला नाही. सव्वा रुपया ऐकला की लोक हसून निघून जायचे. पण गडी खुशीत. धनुबाईला म्हणायचा, "चाचा दुकानमा बठेल दिसतस ना, आखो काय पाहिजे?"

पुढच्या उन्हाळ्यात तो नवा मोराचा ठसा चाचांना दाखवायला घेऊन गेला. चाचांनी तो उजेडात धरला, अंगठा फिरवला. मग गल्ला उघडला आणि एक रुपया नि चार आणे त्याच्यासमोर ठेवले.

"हाऊ मन्हा दुकानमा ऱ्हाई."

"चाचा! तुमनापाईन पैसा? मी मरी जासू पन लेवाव नही!"

"ले मुकाट्याने," दाऊदचाचा म्हणाले. "भाव मोडू नको."

चुडामणने पैसे उचलले. ते सव्वा रुपयाचे पैसे त्याने आधी कपाळाला लावले, आणि मग उस्तादाच्या पायावर डोकं ठेवलं.