पोपटी भिंत

दुपारचं जेवण उरकून शिवलीला न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसते आणि चौकटीला पाठ टेकवते. घरात कुणी नाही. आई मिरजेच्या दवाखान्यात आहे. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, परवा ती घरी येईल. आता तिला वाकून बादलीतलं पाणी घेता येणार नाही. म्हणून इथं शॉवर बसवायचा, खाली स्टूल ठेवायचं आणि भोवतीच्या भिंतींना टाइल लावायची असं ठरलं आहे. धाकट्या भावानं, बसवराजनं, हौसेनं दगडी टाइल आणली आहे. एक उचलायची तरी दोन्ही हात लागतात.

लावायची शिवलीलानंच. वडिलांच्या, आप्पांच्या, हाताखाली ती हे काम शिकली आणि ते वारल्यापासून जयसिंगपुरात एकटीच करते आहे. समोरच्या भिंतीला जुना पोपटी ऑइलपेंट आहे. आधी भिंत ठोकून बघायची, हे तिला कुणी सांगायला नको. तरी सकाळपासून तिनं भिंतीला बोटही लावलेलं नाही. पोकळ आवाज आला तर गिलावा उतरवावा लागेल, नवा करून वाळू द्यावा लागेल, आणि आई तर परवा येते. बसवराज सकाळीच म्हणून गेला, "रंगावरच चिकटव की."

डोळे जड होतात. नळाचा एक थेंब पडतो, बऱ्याच वेळानं दुसरा. तिसऱ्याची वाट बघता बघता न्हाणीघरात आप्पा उकिडवे बसलेले दिसतात. अंगात कामावरची बनियन, केसांत सिमेंट.

"आप्पा, तुम्ही गेलाय न्हवं?"

"व्हय की. म्हणून काय भिंत बघायची न्हाई?"

"रंग जरा खरबरीत करून वर टाइल चिकटवायचं केमिकल लावते. धरेल ते."

"रंगाला धरंल. रंग कशाला धरून हाय?"

"गिलाव्याला."

"आणि गिलावा?"

आप्पा तिची उजवी मूठ हातात घेतात. त्यांची बोटं गार आहेत. ते तिच्या मुठीनं भिंत ठोकत निघतात. आवाज भरीव येतो, पुन्हा भरीव, आणि मग एकदम बद्द, पोकळ. तिला मूठ सोडवून घ्यायची आहे, पण आप्पा चालतच राहतात आणि भिंत संपत नाही. भिंत टाइलच्या दुकानांसमोरून जाते, उसाच्या फडात शिरते. तिथं सरीत पाणी भरलं आहे आणि ते भिंतीत वर वर चढतं आहे. ऊस सरतो तशी ती दवाखान्यातल्या व्हरांड्याची भिंत होते.

व्हरांड्याच्या टोकाला आई स्टुलावर बसली आहे. केस मोकळे, डोळे मिटलेले, डोक्यावर शॉवरचं पाणी. पाण्याचा आवाज येत नाही. तिच्या मागं दगडी टाइल लावून झाली आहे. वरच्या ओळीतली एक कोपऱ्याला जराशी सुटली आहे.

"किती दिवस राहील ती टाइल तशी?" शिवलीला हळूच विचारते.

"सांगता येत न्हाई. वरीसभर राहील, न्हाईतर उद्या येईल खाली."

"आप्पा, आई इतक्या दिवसांनी घरी येणार. आणि तिला मी सांगू, की आंघोळीला जागा नाही?"

"भिंत वली हाय म्हणून सांग. ती थांबंल." आप्पा आईकडं बघत राहतात. "मला कामावरनं यायला कितीबी उशीर झाला, तरी जेवायची थांबायची ती."

शिवलीला आईकडं जायला पाऊल उचलते.

"अगं अक्का, अजून सुरुवात नाही?"

दारात बसवराज उभा आहे. न्हाणीघर तेवढंच आहे, अरुंद, आणि आत कुणी नाही. ती चौकटीला धरून उठते.

"टाइल आत्ता लावत नाही मी," ती म्हणते. "गिलावा सगळा उतरवते. नवा करायचा, त्याला पाणी मारायचं, वाळला की पाणी मुरू नये म्हणून कोट द्यायचा. मग टाइल."

"आणि आई?"

"तिचं अंग मी कॉटवरच पुसून देईन. केस धुऊन देईन."

"चिडेल ती."

"चिडू दे. तिच्या डोक्यावर हा दगड मी रंगाच्या भरवशावर ठेवणार नाही."

बसवराज काहीतरी बोलणार असतो, पण त्याची नजर खाली जाते.

"हाताला काय लागलं तुझ्या?"

ती बघते. उजव्या मुठीचे उंचवटे सोलवटले आहेत. कातडीखाली ताजं लाल दिसतं आहे आणि त्यात पोपटी रंगाच्या बारीक कपच्या रुतल्या आहेत. उंबऱ्यावर बसून समोरची भिंत हाताला येण्यासारखी नाही.

"काही नाही," ती म्हणते. हात न धुताच ती हातोडा उचलते आणि छिन्नी भिंतीला लावते.