तो प्रश्न घरात विचारायचा नसतो

मी एका बाईच्या घरात, ऐन दिवेलागणीला, तिच्यादेखत तिच्या पोराला विचारलं, "मरून जावं असं मनात येतं का?"

प्रश्न माझ्या पदरचा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या शेवटाला जालन्यातले एक मनोविकारतज्ज्ञ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांवर नव्या औषधाचा अभ्यास करत होते. औषध चालू असताना कुणाच्या मनात जीव द्यायचं तर येत नाही ना, हे घरोघर जाऊन विचारायची माझी नोकरी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "आडून विचारू नका. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात ते भरत नाही. न विचारल्यानं मात्र माणूस हातचा जातो. आणि एकट्याला गाठून विचारा." पहिलं मी पाठ केलं. शेवटचं विसरलो.

पोरगा कसला, तिशीचा गडी. एमआयडीसीत रोलिंग मिलमध्ये होता. पुढे कानात आवाज यायला लागले, तेव्हा अंकुशनगरजवळच्या गावी आईकडे परत आला. माझ्या तोंडून प्रश्न सुटला तेव्हा आई देवापुढे वात लावत होती. काडी हातातच विझली.

"वास्तू तथास्तु म्हणत असती, कळतं का? भायेर व्हा जल्दी!"

बाहेर म्हणजे ओट्यावर, असं मी समजलो. तर ओटाही घराचाच निघाला. अंगणही. हापशापाशी सरकलो तर पाणी भरणाऱ्या बाया म्हणाल्या, "आमच्या प्यायच्या पाण्यापाशी काहून?" मारुतीच्या पाराचं तर नावच काढायची सोय नव्हती. शेवटी आईनंच तोड काढली. "शिवंच्या पल्याड न्या. तिथं काय इचारायचं ते इचारा."

निघालो. पुढे लुना ढकलत मी (वेळ पडल्यास परस्पर सटकायचा बेत होता), मागे तो, त्याच्या मागे आई आणि हंड्यांसकट त्या बाया. "साहेब, सोडा ना आता," तो एकदा हळूच म्हणाला. पण शिकलेला माणूस असा सोडतो होय! शिवेचा दगड ओलांडला, घसा साफ केला, तोच उसाला पाणी देणारा पलीकडच्या गावचा शेतकरी फावडं घेऊन पुढे आला. काय चाललंय म्हणाला. आईनं सगळं सांगून टाकलं.

"मंग तुमच्या गावचं मरण आमच्या शिवारात काहून सोडून राह्यले?" तो कडाडला. "बिलकुल न्हाई! आमच्या उसाला तोड यायचीय अजून."

जमीन म्हटली की ती कुणाची तरी असणारच. मी लुनाकडे पाहिलं. "मावशी, चालत्या गाडीवर वास्तू असते का?"

मावशीनं विचार केला. "न्हाई. पण थांबू नका मधी."

त्याला मागे बसवलं. आम्ही दोघंच असे पहिल्यांदाच होतो. साखर कारखान्याच्या रस्त्याला लागल्यावर मी मान न वळवता विचारलं. तो सीटवर पुढे सरकला. मग कानाशी आलं, "येतं. रोज येतं. आवाज म्हणतेत, जा. आईसमोर कसं सांगू?"

तोवर सगळ्यांनी मला "न्हाई" म्हणूनच वाटेला लावलं होतं. "हो" ऐकायची माझ्या हातांना सवय नव्हती. मी दचकून गर्रकन मागे वळून पाहिलं आणि लुना आम्हा दोघांसकट उसाच्या पाटात गेली.

त्यानंच मला बखोटीला धरून वर काढलं, माझी चप्पल शोधून दिली. चिखलात उभ्या उभ्याच मी सांगितलं, हे माझ्यापाशी ठेवायचं नसतं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरांकडे जायचं. "चला," तो म्हणाला. जणू कुणीतरी म्हणायचीच वाट बघत होता. आईला घेतलं, जीप धरली, जालना गाठलं. डॉक्टरांनी त्याला ठेवून घेतलं, अभ्यासातून काढलं, औषध बदललं. आई उशाशी बसून राहिली. मला डॉक्टरांनी एवढंच विचारलं, "हा चिखल कसला?"

उन्हाळ्यात त्यांनी मला त्याची खुशाली विचारायला परत पाठवलं. तो बैलांपुढे कडबा टाकत होता. आईनं मला पाहताच रस्त्याकडे बोट केलं. मीही शहाणा झालो होतो. पायडल मारून लुना सुरू केली, मागची सीट झटकली. "बस. तोच प्रश्न आहे."

तो जागचा हलला नाही.

"पायी चला, साहेब. उत्तर देतो. पण तुमच्या गाडीवर न्हाई बसणार. आता जगायचंय मला."