नाखव्यांच्या दोरीवरची गाठ

"सायबा, आज तिथ कुठची?"

सकाळी होडीत पाय ठेवण्याआधी इब्राहिम नाखवा मला हे विचारत. मी साताऱ्याचा. आमच्या घरात रोज पंचांग वाचलं जाई, पण मला तिथी कधी सांगता आली नाही. मग तेच सांगत, "पंचमी. तिची पाऊणपट करा. पावणेचारला बंदरावर भरती. हितवर चढायला आणखी दीड-दोन तास. भटाच्या पोराला मुसलमानानं तिथ शिकवायची, काय दिवस आले!" आणि दाढीतल्या दाढीत हसत.

एकोणीसशे पन्नास साल उलटून गेलं होतं. घाटावरची नदी अडवायची, तिचं पाणी बोगद्यातून डोंगराखाली आणून त्यावर वीज करायची आणि मग ते वाशिष्ठीत सोडायचं, अशी आखणी चालली होती. पण वाशिष्ठी स्वतःच पुरात किती चढते हे कळल्याशिवाय तिच्यात आणखी पाणी सोडणार कसं? ते मोजायला चिपळूणच्या खालच्या अंगाला राहुटी टाकून मी ओव्हरसियर म्हणून बसलो होतो. काठावर मापाची पट्टी रोवलेली होती. पावसाळ्यात दर तासाला तिच्यावरचं पाणी बघून वहीत लिहायचं, हे माझं काम. कामावर होडी नाखव्यांची.

तरुणपणी त्यांनी मलबारपर्यंत गलबतं नेली होती. आता सत्तरीला आले होते, पण वल्हं मारताना पाठ ताठ असे. पट्टीवर त्यांचा राग नव्हता, मात्र भरवसा आपल्या दोरीवर. काठावरच्या उंडीच्या फांदीला त्यांनी एक दोरी बांधली होती, खाली दगड. मोठा पूर आला की होडीतून जाऊन पाणी जिथवर चढलं तिथे ते गाठ मारत. "गलबतावर नजर चुकते सायबा, गाठ चुकत नाय," म्हणत.

त्या आषाढी अमावास्येला पहाटेपासून पाऊस कोसळत होता. अकराला मी पट्टी पाहिली तेव्हा पूर उतरू लागला होता. देशावरची नदी एकदा उतरू लागली की उतरतेच. मी भिजून गारठलो होतो. राहुटीत गेलो, कोरडे कपडे घातले, आणि बारा ते चारचे आकडे उतरत्या क्रमाने, बसल्या बसल्या वहीत लिहून टाकले. अमावास्येच्या उधाणाची भरती दोनच्या सुमारास तिथवर चढली आणि तिने नदीला अडवून धरलं. पाणी पुन्हा वर आलं, माझ्या वहीपेक्षा कमरभर वर. नाखव्यांनी त्या पावसात जाऊन गाठ मारली. मला ते एवढंच म्हणाले, "आज बंदरावर बाराची भरती होती, सायबा."

मी वही बदलली नाही.

हिवाळ्यात मोठे साहेब पूररेषा ठरवायला आले. रेषेखालची घरं हलवायची होती. नाखव्यांचं घर माझ्या वहीप्रमाणे सुरक्षित होतं, त्यांच्या गाठीप्रमाणे पाण्यात. नाखव्यांनी साहेबांना दोरी दाखवली.

साहेब हसले. "दोरीवर धरणं बांधत नाहीत, म्हातारबा. भरपाई हवी म्हणून गाठ वर सरकवलीत की काय?"

नाखव्यांचा चेहरा उतरला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी राहुटीत होतो हे त्यांनी सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती. ते म्हणाले, "हे ओव्हरसियर सायब पाण्यावर होते. त्यांना विचारा."

"वही बरोबर आहे," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांची होडी कामावरून काढली गेली.

पुढच्या पावसाळ्यात मी प्रत्येक अमावास्या-पुनवेला भरतीच्या वेळी पट्टीशी उभा राहिलो. श्रावणात पाणी बरोबर त्या गाठीला लागलं. मी साहेबांना नवे आकडे दिले. रेषा वर सरकली. कागदावर लिहिलं गेलं 'सुधारित निरीक्षण', खाली माझं नाव. आदल्या वर्षीची वही खोटी होती हे मी कुणाला सांगितलं नाही, नाखव्यांनाही नाही. त्यांनी आपलं घर स्वतःच्या हातांनी उतरवलं आणि कौलं डोक्यावरून वरच्या सड्यावर, कातळाच्या माळावर नेली. वाटेत मी भेटलो की विचारत, "आज तिथ कुठची?" आता मला सांगता येत असे. ते मान हलवत आणि क्षणभर थांबत, काही ऐकायचं असल्यासारखे. मग चालू लागत.

दोन वर्षांनी ते गेले. मी रजेवर होतो, परतल्यावर कळलं.

त्या पावसाळ्यातल्या अमावास्येला मी त्यांच्या जुन्या जोत्याकडे गेलो. आमिनाचाची, त्यांच्या पत्नी, छत्री धरून उभ्या होत्या. पाणी पायरीशी आलेलं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"दीड."

"थांबा मग. अजून चढेल."

पाणी जोत्यावर आलं, चुलीच्या जागेवरून फिरलं. मला राहवेना. "चाची, त्या दिवशी मी राहुटीत होतो. वही खोटी होती. नाखवा खरे होते."

त्यांनी पाण्यावरची नजर काढली नाही.

"त्यांना ठाऊक होतं, बाबा," त्या म्हणाल्या. "मी म्हणायची, सांगून टाका मोठ्या सायबाला. तर म्हणायचे, नको, पोरगा आपणहून सांगेल. तिथ शिकलाय, हेही शिकेल."